उजव्या हाताने उघड

उद्या कमिटीसमोर हा माणूस मूग गिळून बसेल, या धास्तीने माझा डोळ्याला डोळा लागत नाही. माझ्या मुलीच्या टेनिसच्या सरांबद्दल बोलतेय. त्यांना क्लबमधून काढायचं जवळजवळ ठरलंय. ते टोपी गुडघ्यावर ठेवून बसतील, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा" म्हणतील आणि उठून येतील. तक्रार कोणाची? माझ्या नवऱ्याची. आणि मला न विचारता, माझीही.

मुलं त्यांना डावखुरे सर म्हणतात. चेंडू टाकणं, केस विंचरणं, बाटली उचलणं, सगळं डाव्या हाताने. मीही तसंच समजत होते. खरं काय ते त्यांच्या बायकोने सांगितलं, तेही कपडे वाळत घालताना, सहज. "कसले डावखुरे! उजवा हात खांद्याच्या वर जात नाही त्यांचा. दोरीवर साधा शर्ट टाकता येत नाही."

सरांचे वडील पोस्टात टपाल वेगळं करायचे. पोस्टामागे टेनिसचं कोर्ट होतं आणि शाळा सुटली की मुलगा तिथे पडीक. सर्व्हिस अशी, की समोरचा हलायच्या आत चेंडू मागच्या जाळीत. मग खांदा दुखायला लागला. त्यांचे कोच म्हणाले, दुखतोय म्हणजे तयार होतोय. वडिलांनी मान डोलावली, आई बाम चोळत राहिली. फायनलला सर्व्हिस करताना हात वर गेला, तो शेवटचा. पुढे लिहिण्या-जेवण्यापासून सगळं त्यांनी डाव्या हाताने नव्याने गिरवलं. तीन मोठी माणसं आजूबाजूला होती, आणि एकालाही पोराला थांब म्हणावंसं वाटलं नाही. विचार केला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

कोर्टाच्या दाराला जुनं, अडेलतट्टू कुलूप आहे. किल्ली फिरवायला मनगटात जोर लागतो. रोज प्रत्येक मुलाने ते आधी उघडून दाखवायचं. सर कुलपाकडे बघतच नाहीत, मुलाच्या चेहऱ्याकडे बघतात. ज्याचा चेहरा वाकडा झाला, त्याला त्या दिवशी रॅकेट नाही. त्याने बाकावर बसून बाकीच्यांचे पाय कसे पडतात ते बघायचं. इथे टेनिस शिकवतात की वॉचमनगिरी, म्हणून पालक हसायचे. क्लबच्या सेक्रेटरींनी नवं कुलूप देऊ केलं, तर सरांनी नको म्हटलं.

गेल्या सोमवारी माझ्या लेकीने कुलूप डाव्या हाताने उघडलं. मी तिथेच होते. मला वाटलं, कार्टी सरांची नक्कल करतेय.

"उजव्या हाताने उघड," सर म्हणाले.

"उघडलंय ना, सर."

"लाव, आणि परत उघड."

तिने किल्ली धरली आणि फिरवायच्या आधीच तिचे डोळे भरून आले. सरांनी रॅकेट काढून घेतली आणि ही स्पर्धा खेळायची नाही म्हणून सांगितलं. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, बाबा ओरडतील. सर म्हणाले, "मला फोन करायला सांग बाबांना."

बाबांनी फोन केला तो सेक्रेटरींना. म्हणाला, "जो स्वतः काही जिंकला नाही, त्याला जिंकायचीच भीती. आम्हा दोघांचं हेच म्हणणं आहे." दोघांचं! इतक्या वर्षांच्या संसारात भाजी कुठली आणायची यावर आमचं कधी एकमत झालेलं नाही. डॉक्टरांनी लेकीच्या मनगटाला पट्टा बांधून रॅकेटला हात लावू नको म्हणून बजावलंय, तर नवऱ्याला आता दुसरा डॉक्टर हवाय.

आज संध्याकाळी मी सरांना गाठलं. म्हटलं, खांद्याचं सांगून टाका त्यांना.

"हात दाखवून नोकरी मागू का, ताई?"

"मग काय, अशीच घालवणार?"

ते चेंडू गोळा करत राहिले, डाव्या हाताने. अस्सा राग आला मला. पोरीचं दुखणं तिच्या चेहऱ्यावरून ओळखतो आणि स्वतःच्या दुखण्याबद्दल तोंडाला कुलूप.

ठीक आहे. खांदा त्यांचा आहे, त्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. पण मनगट माझ्या लेकीचं आहे. सकाळी नवरा दाढी करत असेल तेव्हा, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, मी सेक्रेटरींना फोन करणार आहे. तक्रारीतून माझं नाव काढा म्हणून सांगणार, आणि मीटिंगला माझी खुर्ची मांडून ठेवा म्हणून. सरांच्या शेजारी.