उजवीकडची खिडकी

आमच्याकडे गाडी नाही. जयपूरमध्ये हे वाक्य उच्चारलं की समोरचा माणूस आधी तुमच्या तोंडाकडे बघतो आणि मग तुमच्या चपलांकडे. जवाहर नगरमधल्या आमच्या गल्लीत दर घरापुढे दोन गाड्या उभ्या असतात आणि तिसरी कापडाखाली झोपलेली असते. शेजारच्या भाभीजींची तर खात्री आहे की आमच्यावर काहीतरी संकट आहे आणि आम्ही ते सांगत नाही. दर हिवाळ्यात मी सॅक पाठीला लावून निघाले की त्या फाटकापाशी येऊन विचारतात, "मतलब, समंदर देखने भी बस से?"

हो, बसनंच. मी विमा कंपनीत नोकरी करते, वर्षातून एकदा सुट्टी काढते आणि एखादा समुद्रकिनारा गाठते. आगगाडीनं जमेल तितकं जवळ जायचं आणि पुढे एसटी. नवरा येत नाही. त्याला बस लागते आणि गाडी घेऊ या म्हटलं की मला राग येतो, त्यामुळे आमचा संसार या बाबतीत सुखाचा आहे.

गाडीवाल्या मंडळींना मी नेहमी सांगते की तुम्ही समुद्र बघता, समुद्राकाठचं गाव बघत नाही. गाडी तुम्हाला थेट वाळूत नेऊन सोडते. एसटी सोडते बाजारात. तिथून तुम्ही विचारत विचारत निघता, वाटेत शाळा लागते, मासळीबाजार लागतो, कुणाच्या तरी अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्यांना चुकवून जावं लागतं, आणि मग माडांच्या मागे एकदम निळं दिसतं. समुद्र असा शेवटी दिसला पाहिजे. स्टॅंडवर रस्ता विचारायचा असेल तर चौकशीच्या खिडकीआधी वडे तळणाऱ्याला विचारावं. उतरल्या उतरल्या परतीची शेवटची गाडी कधी ते कंडक्टरला विचारून घ्यावं. आणि कोकणात दक्षिणेकडे जाताना उजवीकडची खिडकी धरावी, कारण समुद्र तिकडे असतो. ही माझी सगळी विद्या. तिचा मला भलताच गर्व होता, तो उतरला त्याची ही गोष्ट.

आई जाऊन दोन वर्षं झाली तेव्हा आमच्याकडेच राहणारे बाबा एक दिवस चहा पिताना म्हणाले, "या वर्षी तुझ्याबरोबर मी येतो. तुझ्या आईच्या गावाला जाऊ. जत्रेला."

बाबा तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते. गुडघे कुरकुरणारे, हातात काठी, पण चालणं अजून ताठ. नोकरी केंद्र सरकारची, आणि सगळ्या बदल्या जोधपूर, अजमेर, बिकानेर अशा, जिथे पाण्याचा टॅंकर आला तरी लोक बघायला येतात. आई मालवणच्या वरच्या अंगाच्या एका छोट्या गावातली, समुद्राच्या आवाजात वाढलेली. त्या गावच्या देवीची जत्रा माहेरवाशिणींची. लग्न होऊन गेलेल्या मुली त्या दिवशी येतात, देवीची ओटी भरतात आणि देवळाच्या मागच्या पायरीवर समुद्राकडे तोंड करून गुळात घोळलेलं खाजं खात बसतात. आई हे दर वर्षी सांगायची. दर वर्षी बाबा म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की." पुढच्या वर्षी ऑडिट यायचं, नाहीतर आमची परीक्षा, नाहीतर रिझर्वेशन एकत्र मिळायचं नाही. बाबांना सगळं नीट जुळून आलेलं लागायचं. लग्नानंतर आई त्या जत्रेला एकदाही गेली नाही. शेवटच्या आजारपणात तिनं बाबांना सांगितलं होतं, माझ्या वाटची ओटी तेवढी भरा. बाबा हो म्हणाले होते. पुरुषानं ओटी भरायची नसते, म्हणजे ती मी भरायची होती. आईचं माहेरचं घर केव्हाच विकलं गेलं होतं आणि फोन करून विचारावं असं गावात कुणी उरलं नव्हतं.

पण दिवस मला तोंडपाठ होता. माघ वद्य पंचमी. लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलेला की झोपेत उठवून विचारलं तरी सांगितला असता. स्वयंपाकघरात कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं दिलेलं हिंदी कॅलेंडर होतं. आई होती तोवर मुंबईहून कुणीतरी मराठी कॅलेंडर आणून द्यायचं, मागे रेसिपी आणि राशिभविष्य असलेलं. ती गेल्यावर ते आणायचं राहून गेलं. मी माघाचं पान काढलं, कृष्ण पंचमीवर बोट ठेवलं आणि तिकिटं काढली. वद्य म्हणजेच कृष्ण, एवढं मला कळतं.

निघायच्या दिवशी जयपूरला कडाक्याची थंडी होती. बाबांनी कानटोपी, मफलर आणि दोन स्वेटर चढवले होते. माझ्या सॅकमध्ये देवीसाठी लहरियाची साडी होती, बाबांनी स्वतः जोहरी बाजारात जाऊन निवडलेली, आईला आवडायचा तसल्या हिरव्या रंगाची. वाटण्यासाठी गजकचे, म्हणजे तिकडच्या तिळगुळाच्या वड्यांचे, डबे होते. आणि एक नारळ होता. हो, जयपूरहून कोकणात नारळ. देवीच्या दारात सगळं महाग असतं, असं म्हणून मीच तो घेतला होता.

तेवढ्यात भाभीजी फाटकाशी आल्या, हातात स्टीलचा डबा. "माही चौथ का तिलकुटा है। कल आप लोग ट्रेन में होंगे, इसलिए आज ही बना दिया।"

मी मनात म्हटलं, उद्या चौथ, परवा पंचमी, हिशेब चोख. बाबांनी डबा उघडला. "माही चौथ?" त्यांनी भाभीजींना विचारलं. त्या हो म्हणाल्या. बाबांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं. मग चिमूटभर तिळकूट तोंडात टाकलं, झाकण लावलं आणि म्हणाले, "चला, उशीर होतोय."

मुंबईपर्यंत एक गाडी, तिथून कुडाळपर्यंत दुसरी. पनवेल सोडल्यावर बाबांनी मफलर काढला, चिपळूणला पहिला स्वेटर, रत्नागिरीला दुसरा. कानटोपी मात्र कुडाळच्या लॉजमध्ये पोचेपर्यंत डोक्यावर होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत आम्ही माझ्या सवयीनं उजवीकडे बसलो. कंडक्टरनं गावाचं नाव ऐकलं, सॅकमधून डोकावणारा नारळ बघितला आणि विचारलं, "खयसून इलात?"

"जयपूरहून," मी सांगितलं.

"आणि नारळ थयसून हाडलात?" सगळी बस हसली. बाबाही हसले. मला जरा रागच आला, पण सकाळ छान होती.

गावाच्या फाट्यावर आम्ही दोघंच उतरलो, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. माहेरवाशिणींच्या जत्रेला जाणाऱ्या बसमध्ये एकही नटलेली बाई नव्हती. तरी मी झपाझप पुढे. देवळासमोरचं मैदान मोकळं पडलं होतं. एक गाय आणि वाळत घातलेली दोन जाळी, बाकी काही नाही. ना मांडव, ना खाज्याची दुकानं, ना माणसं. देवळात गुरवाची बायको फरशी पुसत होती. मी तिला जत्रा कुठे आहे असं विचारलं, जसं काही ती इथून उचलून दुसरीकडे भरवली असावी.

"जत्रा?" ती उठून उभी राहिली. "जत्रा माघात गो बाय. अजून पौष संपाक नाय."

मी तिला समजावायला लागले की आजच माघ वद्य पंचमी आहे, कॅलेंडरात बघितलंय. ती बिचारी माझ्याकडे आदरानं बघत राहिली. आणि बोलता बोलताच माझ्या डोक्यात उजेड पडला. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यांच्या महिन्यात वद्य पंधरवडा आधी येतो, शुद्ध नंतर. जयपूरचा माघ कृष्ण म्हणजे आपला पौष वद्य. आम्ही बरोबर एक महिना आधी आलो होतो. अर्धं आयुष्य जयपूरमध्ये काढलेल्या मराठी बाईशिवाय ही चूक दुसरं कुणी करूच शकलं नसतं.

मला बाबांकडे बघवेना. दोन वर्षं मनात धरलेली एक गोष्ट त्यांनी माझ्यावर सोपवली होती, आणि ती मी किराणावाल्याच्या कॅलेंडरावर घालवली. मला रडू आलं आणि मी रडले. त्या बाईनं फडकं बाजूला ठेवलं.

"रडतं कित्याक? ओटी भरूक इलंस मां? भर. देवी काय खय जाता?"

मग ओटी भरली. तांदूळ, हळदकुंकू तिनंच आणून दिलं. हिरवी साडी बघून ती हरखली आणि नारळ जयपूरचा आहे हे कळल्यावर तोंडाला पदर लावून हसत सुटली. "कोणाच्या घरातली गो तुझी आवस?" तिनं विचारलं. बाबांनी आईच्या माहेरचं आडनाव सांगितलं, शाळेमागचं घर सांगितलं. तिला काही आठवलं नाही. माझी सासू असती तर तिनं सांगितलं असतं, असं म्हणाली. बाबांनी मान हलवली, काठी घेतली आणि देवळाच्या मागे गेले.

पायरी होती. आई सांगायची तशीच, रुंद, मधोमध झिजलेली, आणि समोर सरळ समुद्र. बाबा तिच्यावर बसले आणि तासभर बसून राहिले. मी बाजूला बसून स्वतःला शिव्या घालत होते. "पुढच्या महिन्यात परत आणते तुम्हाला," मी म्हटलं. "आज संध्याकाळीच तिकिटं बघते." बाबांनी माझ्या सॅकमधून भाभीजींचा डबा काढला आणि खाज्याच्या जागी आम्ही तिळकूट खाल्लं.

सुट्टी चार दिवस उरली होती. घरी परतायचं तिकीट सावंतवाडीहून होतं. बाबा म्हणाले, तू दर वर्षी करतेस तसं करू. म्हणून मग आम्ही एसटीनं किनारा उतरलो. मालवणला बंदरावर होड्यांची गर्दी, बाबांनी मासळीबाजारात फिरून प्रत्येक माशाचं नाव विचारलं आणि एकही विकत घेतला नाही. स्टॅंडजवळ खाजं मिळालं, गुळाचं, आल्याचा वास येणारं. त्यांनी अर्धा किलो घेतलं. वेंगुर्ल्याला डोंगरावरून खाली बंदराकडे जाताना त्यांचे गुडघे बोलायला लागले, तर एका बाईंनी स्वतःच्या ओट्यावर बसवून सोलकढी पाजली. गाडीतून उतरलो असतो तर हे मिळालं असतं का, असं मी म्हणणार होते, पण माझी तोंडाळ विद्या चार दिवस बंदच होती. मी फक्त फोनवर पुढच्या महिन्याची तिकिटं शोधत होते. सगळीकडे वेटिंग होतं.

शेवटच्या दिवशी शिरोड्याच्या किनाऱ्यावरून स्टॅंडवर आलो. सावंतवाडीची गाडी यायला वेळ होता. मी पुन्हा फोन काढला. "बाबा, बुधवारचं मिळेल असं दिसतंय. पंचमी चुकणार नाही. या वेळी मराठी कॅलेंडर बघते."

"नको," बाबा म्हणाले.

"नको कसं? माझ्या मूर्खपणामुळे..."

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

मी फोन मांडीवर ठेवला.

"त्या डब्यानं कळलं. माही चौथ म्हणजे आपली पौषातली संकष्टी. छत्तीस वर्षं राजस्थानात नोकरी केली मी. दर वर्षी तुझी आई उपास करायची आणि शेजारणी तिळकूट आणून द्यायच्या. डबा हातात घेतला तेव्हाच कळलं की तू महिनाभर आधीची तिकिटं काढली आहेस."

माझा पारा चढला. "मग फाटकातच सांगायचं ना! रिक्षा उभी होती, तिकिटं रद्द केली असती, पुढच्या महिन्यात बरोबर दिवशी आलो असतो!"

बाबांनी खाज्याची पुडी उघडली, एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"हेच," ते म्हणाले. "मी पण दर वर्षी हेच म्हणत होतो. सगळं बरोबर जुळू दे, मग जाऊ. ती वाट बघत राहिली. मला वाटलं, आता सांगितलं तर तू पण म्हणशील, पुढच्या महिन्यात. आणि मग मी पुढच्या महिन्यात नसलो तर?"

त्यांच्याशेजारी बाकावर बसून मी तो तुकडा खाल्ला. तोंडात गूळ होता आणि डोळ्यांत पाणी, आणि ते पुसायचंही मला सुचलं नाही.

गाडी लागली. बाबा काठी टेकत पायरी चढले, कंडक्टरला म्हणाले, "दोन सावंतवाडी," आणि नेमके उजवीकडे जाऊन बसले. मी त्यांना सांगितलं की हा रस्ता आत जातो, इथून पुढे कुठल्याच खिडकीतून समुद्र दिसत नाही.

"असू दे," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्यासाठी सरकून जागा केली.