भिंतीपलीकडे ऐकू गेलेलं घर

खांडबाऱ्यात सत्तार मिस्तरींनी बसवलेलं दार नाही असं घर शोधून सापडायचं नाही. एकच होतं, ते त्यांचं स्वतःचं. दार होतं, पण बसवलेलं नव्हतं, नुसतं अडकवलेलं होतं. उघडताना ते दोन्ही हातांनी उचलून आत ढकलावं लागे. ‘तात्पुरतं’ म्हणून लावलं तेव्हा त्यांचा मुलगा आतिफ पाळण्यात होता. आता आतिफ सुरतेला कापडाच्या दुकानात कामाला लागला होता आणि त्याची मुलगी लायबा पाळण्यात होती.

मिस्तरींच्या बायकोच्या, मदिनाबीच्या, तक्रारी दाराशी सुरू होऊन मागच्या अंगणात संपत. स्वयंपाकघराची खिडकी लागत नव्हती. मोरीचं पाणी उलटं फिरून चुलीशी येई. फडताळाची झडप महिन्यातून एकदा पायावर पडे, तीही नेमकी करंगळीवर. बाईंची एक रीत होती. मायेचं बोलणं हिंदीत आणि भांडण अहिराणीत, म्हणजे भिंतीपलीकडच्या भिला पाटलाच्या घरालाही समजावं. चहाचं पातेलं उतरलं की सुरू व्हायच्या, “गावभर दारे बसाडतस, घरनं दार कव्हय व्हई?”

“जुम्मा झाला की करतो,” मिस्तरी म्हणत. जुम्मा दर आठवड्याला होत होता, त्यात त्याचा काही दोष नव्हता.

पुढे नवापूरच्या दुकानांत तयार दारं येऊ लागली. मिस्तरींच्या रंध्याला काम उरलं नाही. आतिफचा फोन आला, “घर विका आणि इकडे या. त्या पैशांत मोठी जागा घेऊ.” मिस्तरी तयार झाले.

आणि मग मदिनाबीने पंचवीस वर्षं अल्लाकडे मागितलेलं आठ दिवसांत घडलं. घर विकायचं तर नीट दिसायला हवं, म्हणून मिस्तरींनी हत्यारांची पेटी उघडली. दार बिजागरीवर चढलं. मोरीचा उतार फिरला. फडताळाला नवी कडी लागली. खिडकी तर अशी झाली की एका बोटाने लागावी आणि फुंकरीने उघडावी.

मदिनाबीने ती चारदा उघडली, चारदा लावली. मग हळूच, हिंदीत म्हणाल्या, “एक महिना तो रहने दो जी इस घर में. मैं इसमें रही कब?”

मिस्तरींच्या तोंडात खिळे होते. त्यांनी मान डोलावली.

घर विकायचं तर आधी शेजाऱ्याला विचारायचं, तो नको म्हणाला तरच बाहेर बोलायचं, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. मिस्तरी भिलाच्या ओट्यावर गेले. भिलाला घर हवंच होतं. त्याच्या मुलाचं, कुंदनचं, लग्न ठरलं होतं, आणि मधली भिंत पाडली की दोन घरांचं एक होणार होतं. पण मिस्तरींनी किंमत सांगितली तसा तो हसायला लागला.

“खिडकी लागत नही. मोरीनं पानी घरमा येस. फडताळ पायवर पडस.”

“आते समदं दुरुस्त शे, भाऊ! चाल, दखाडस.”

“माले काय दखाडस? भाभीनी पंचवीस वरीस समदं सांगेल शे.”

किंमत उतरत गेली. शेवटी भिला म्हणाला, येत्या जुम्म्याला घर मोकळं करून दिलंस तर वीस हजार वर देतो. घसरलेल्या भावात तेवढीच अब्रू राहत होती. मिस्तरींनी टाळी दिली.

घरी येऊन ते तणतणले, “तुझ्या तोंडाने भाव पाडला. त्याला सगळी यादी पाठ आहे!”

मदिनाबी भाकरी थापता थापता थांबल्या. “म्हणजे भिलाभाऊ ऐकत होते,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, कुणीच ऐकत नाही.”

मग विचारलं, “आणि महिना?”

“कसला महिना?”

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. त्या दिवसापासून भिंतीपलीकडे काही ऐकू गेलं नाही. मिस्तरींना चहा बेचव लागू लागला, पण साखर तेवढीच होती.

जुम्मा आला. आयुष्यात पहिल्यांदा मिस्तरींनी जुम्म्याचा वायदा पाळला. सुरतेच्या गाडीला दीड तास होता. रिक्षा भरली. मदिनाबी पाण्याचा तांब्या आत विसरल्या म्हणून परत गेल्या आणि सवयीने दोन्ही हातांनी दार उचलून ढकललं. तेल दिलेलं दार फिरलं आणि दणकन भिंतीवर आपटलं. पोपडा पडला.

ओट्यावरून भिला ओरडला, “काय व्हयनं, भाभी?”

“काही नही, भाऊ,” मदिनाबी म्हणाल्या. “दार चांगलं व्हई गयं.”