पाच नंबरची विहीर

बंदराच्या कचेरीत निविदा विभागाच्या मुख्य कारकून बाईंना सगळे चाळणीबाई म्हणत. तोंडावर 'बाई', पाठ फिरली की चाळणीबाई. बाईंना हे ठाऊक होतं आणि आतून बरंही वाटे, कारण चाळल्याशिवाय आपल्या हातून कागद पुढे जात नाही, हे त्या नावातच आलं होतं. पाकीट आलं की आधी त्याची चिकटवलेली कड त्या उजेडात धरत. मग शिक्का, मग सही. शिपाई 'सकाळीच आलंय' म्हणाला, की घड्याळाकडे न बघता त्याच्या चेहऱ्याकडे बघत. घरीही तेच. दूध आणायला आज पंधरा मिनिटं जास्त का लागली, असं त्यांनी एकदा नवऱ्याला विचारलं होतं. नवरा निवृत्त क्रेनचालक, थंड डोक्याचा माणूस. तो म्हणाला, "गाय ओळखीची निघाली."

एकतीस वर्षांत एकही चूक नाही, अशी बाईंची ख्याती. निवृत्तीला दीड महिना उरला होता, आणि निरोपाच्या भाषणात साहेब हे वाक्य म्हणणार, हे ठरल्यातच जमा होतं. बाईंनी ते वाक्य मनातल्या मनात इतक्यांदा ऐकलं होतं, की साहेब कुठे थांबतील आणि टाळ्या कुठे पडतील, तेही त्यांना पाठ झालं होतं.

अशात तेलाच्या आवाराचं काम निघालं.

जुन्या धक्क्यामागे हे आवार. चाळीस वर्षं तिथे टाक्या भरल्या, सांडल्या, पुन्हा भरल्या. जमिनीने मुकाट्याने सगळं पिऊन घेतलं. आता टाक्या गेल्या होत्या आणि ती जागा साफ करून शेजारच्या कामगार वसाहतीला मैदान म्हणून द्यायचं बंदराने ठरवलं होतं. त्या वसाहतीत बाईंची लेक राहत होती. नात चार वर्षांची, आणि आवाराच्या भिंतीतल्या भगदाडातून पलीकडे डोकवायचा तिला भारी नाद. माती किती खोल काढायची, खालचं पाणी किती बिघडलंय, हे तपासून सांगायला आणि साफसफाईवर देखरेख ठेवायला सल्लागार नेमायचा होता. तीन प्रस्ताव आले. त्यातलं एक पाकीट चार मिनिटं उशिरा पोचलं म्हणून बाईंनी ते पेटीत पडूच दिलं नाही. उरले दोन.

एक होते काचवाले. मोठी कंपनी, स्वतःची काचेची इमारत, म्हणून हे नाव. त्यांच्या प्रस्तावाची पानं अशी गुळगुळीत, की बाईंचा शिक्का त्यावर घसरला. दुसरी कंपनी म्हणजे भूजलाचा अभ्यास केलेली एक बाई आणि तिचा भाऊ, एवढंच. ही बाई कचेरीत गमबूट घालून आली आणि दारापासून टेबलापर्यंत काळ्या चिखलाचे ठसे उमटवून गेली. तेव्हापासून ती गमबूटवाली.

चाळणीबाईंचा संशय सरळ गमबूटवालीवर जाऊन बसला. ती आवारात दोनदा जाऊन आली होती. एकदा गेली तर पाहणी, दोनदा कशाला? नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. त्यात ती टेबलाशी येऊन म्हणाली, "मावशी, तुमच्या यादीत आठ विहिरी आहेत. मला सातच सापडल्या. पाच नंबरची कुठेशी आहे?"

"मी कुणाची मावशी नाही," बाई म्हणाल्या. "यादीत आहे म्हणजे आहे. नीट शोधा."

उत्तर तर ठसक्यात दिलं, पण ती वळताच टेबलाचा तळचा खण नीट बंद आहे ना, ते पायाने चाचपून पाहिलं. कारण पाच नंबरची विहीर नव्हतीच.

विहीर म्हणजे पाणी शेंदायची नव्हे. जमिनीत उभा गाडलेला, जेमतेम मूठ जाईल एवढा पाइप, वर लोखंडी झाकण; त्यातून खालचं पाणी काढून तपासायचं. अठरा वर्षांपूर्वी अशा आठ विहिरी खणायचं ठरलं होतं. पाचव्या जागी खाली काँक्रीट लागलं आणि ती सोडून द्यावी लागली. तशी चिठ्ठी ड्रिलवाल्यांनी पाठवली. बाईंनी ती घेतली, शिक्का मारला, सही केली आणि गोदी दुरुस्तीच्या फायलीत लावून टाकली. चुकून. यादी मात्र ठरल्याप्रमाणे टाइप केली: एक ते आठ. वर्षभराने ती चिठ्ठी हाती लागली, तेव्हा यादी दहा ठिकाणी गेलेली होती आणि बाईंची बढती तोंडावर आली होती. त्यांनी चिठ्ठी फाडली नाही, कारण कागद फाडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. टेबलाच्या तळच्या खणात, शिक्क्याच्या जुन्या डब्याखाली ठेवून दिली. पुढे त्या विहिरींचं पाणी तपासायला कुणी फिरकलं नाही, आणि जगावर संशय घेणाऱ्या बाईंवर कुणी कधी संशय घेतला नाही, हेच त्यांचं नशीब.

प्रस्तावांना गुण द्यायला समिती बसली, तेव्हा टिपणं घ्यायला बाई कोपऱ्यात होत्या. साहेबांनी काचवाल्यांचं पान वाचलं: "विहीर क्रमांक पाच. झाकण किंचित गंजलेले. पाणी चार मीटरवर. तेलाचा वास नाही."

बाईंचं पेन थांबलं.

मग गमबूटवालीचं पान: "विहीर क्रमांक पाच दोन भेटींत शोधूनही आढळली नाही. यादी पुन्हा तपासावी."

"पाहणी अपुरी," साहेब म्हणाले. "आठपैकी एक विहीर ज्यांना सापडत नाही, ते आवार काय साफ करणार?" गमबूटवालीचे गुण कापले गेले. अंतिम सह्या दुसऱ्या दिवशी सकाळी करायच्या ठरल्या.

बाईंनी काचवाल्यांचा प्रस्ताव टेबलावर आणून डोळ्यांत तेल घालून वाचला. आठही विहिरींना तेच: वास नाही, वास नाही, वास नाही. ही माणसं आवाराच्या फाटकापर्यंतही गेली नव्हती. यादी समोर ठेवून खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी जमीन स्वच्छ करून टाकली होती. आणि ज्या यादीवर ते इतके बेधडक चालले, ती बाईंची होती. आयुष्यभर त्यांनी लबाडी हुंगली. आज ती नाकासमोर होती आणि तिला दार त्यांनीच उघडून दिलं होतं. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या दिवशी त्यांनी शिपायाला काहीच विचारलं नाही, आणि शिपाई घाबरला.

संध्याकाळी लसूण सोलता सोलता त्यांनी नवऱ्याला विचारलं, "अहो, तेलाच्या आवारात पाच नंबरची विहीर होती का हो?"

"कसली विहीर? तिथे माझ्या जुन्या क्रेनचा पाया आहे. ड्रिलवाल्यांचं पातं मोडलं तिथे. दोन दिवस शिव्या घालत बसले होते."

"मग इतक्या वर्षांत बोलला नाहीत कधी?"

"तू विचारलंस कधी? तू दुधाचं विचारतेस."

बाईंनी मग सगळं सांगितलं. चिठ्ठी, बढती, तळचा खण. नवऱ्याने लसणाची सालं गोळा करून ताटलीत भरली.

"जागेवर जाऊन बघू या, एवढंच म्हटलं तर?" बाईंनी विचारलं. "माझं नाव न घेता?"

"ते म्हणतील, आम्ही पाहिली तेव्हा होती, आता मातीखाली गेली असेल. नव्हतीच, हे तुझी चिठ्ठीच सांगणार."

"तिच्यावर माझी सही आहे."

"असणारच. तू सही केल्याशिवाय भाजीसुद्धा घेत नाहीस." मग तो हसू आवरून म्हणाला, "भाषणातलं वाक्य जाईल, एवढंच ना? पोरगी त्या मातीत खेळायला लागली, की मग कुणाला विचारत बसशील?"

दुसऱ्या दिवशी सह्या व्हायच्या आधी बाई उभ्या राहिल्या. "साहेब, यादी चुकीची आहे. ती मी केली आहे. पाच नंबरची विहीर कधी खणलीच नाही." आणि त्यांनी ती पिवळी पडलेली चिठ्ठी टेबलावर ठेवली. साहेबांनी चिठ्ठीकडे बघितलं, मग बाईंकडे, मग पुन्हा चिठ्ठीकडे. बाईंची चूक पाहायची कुणाच्या डोळ्यांना सवयच नव्हती.

काचवाल्यांच्या माणसाला बोलावून घेतलं. चिठ्ठी पाहताच त्याची ततपप झाली. "ती... आमच्या टायपिस्टची चूक असेल."

"नाही," बाई म्हणाल्या. "चूक माझी. तुम्ही फक्त तिला गंज चढवलात."

काचवाले बाद झाले. काम गमबूटवालीला मिळालं. ती भेटायला आली, पण आभार मानायला नव्हे. फरशीवर ठसे उमटवत टेबलाशी येऊन म्हणाली, "बाकीच्या सात विहिरींच्या मूळ चिठ्ठ्या आहेत का? तुमच्या यादीवर आता माझा काडीचा भरवसा नाही."

बाईंना राग यायला हवा होता. उलट त्यांना फार बरं वाटलं. त्यांनी फायलींचा गठ्ठाच तिच्या हातात दिला. "सगळ्या बघ," त्या म्हणाल्या. "उजेडात धरून बघ."

आठवड्याभराने बाईंच्या नावाने ठपक्याचं पत्र निघालं. तेही रीतीप्रमाणे आवक नोंदीसाठी त्यांच्याच टेबलावर आलं. समोर उभ्या शिपायाला कुठे बघावं कळेना. बाईंनी चष्मा पुसला, पत्राची कड तपासली आणि शांतपणे वाचायला घेतलं. पहिलंच वाक्य होतं: 'तेलाच्या आवारात आठ तपासणी विहिरी असून...' कुणीतरी जुन्या यादीवरून उतरवून घेतलं होतं.

बाईंनी लाल पेनाने 'आठ' खोडून वर 'सात' लिहिलं. शेजारी सही केली, तारीख घातली आणि पत्र शिपायाच्या हातात परत दिलं.

"साहेबांना म्हणावं, ठपका मान्य आहे. पण एवढं सुधारून पुन्हा पाठवा. आज राहिलं, तर अठरा वर्षं राहील."