जहाज नुसतं दिलं होतं

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त झालो, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तरी तापतं.

कर्जत तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना पोशीरकडची एक बाई आली. तिचा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर खलाशी होता आणि ते जहाज परदेशात बंदराबाहेर अडकून पडलं होतं.

"सायेब, त्यांना प्यायला पानी बी कोन देत नाय. एजंट म्हनतो मालकाला धरा. मालक म्हनतो माझा संबंध नाय. आमी जायचं कुठं?"

तिने भावाचा करार पुढे ठेवला. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला अरबी. खलाशांची जबाबदारी जहाजाच्या भाडेकराराप्रमाणे राहील, एवढं मला कळलं. पुढचे 'बेअरबोट चार्टर' हे शब्द वकिलालाही धड सांगता येईनात. कोश उघडला तर त्यात 'चार्टर'ला 'नौभाटक' निघालं. आगीतून फुफाट्यात. ज्या भाषेत ती बाई रडत होती, त्या भाषेतला हा शब्द म्हणे! असा संताप आला की कोश मिटून टाकला.

एजंट खालापूरचा. "मला काय कळतं सायेब, मी दहावी," असा जबाब देऊन तो मोकळा झाला. त्याच आठवड्यात कशेळ्याच्या एका जीपवाल्याने खबर दिली, की हाच गडी तिथे जहाजासाठी नवीन माणसं गोळा करतोय. मी त्याला पुन्हा बोलावून घेतलं.

अशी माणसं दमदाटीने बोलत नाहीत, फुशारकीने बोलतात. त्याचे टेंपो खोपोलीच्या कारखान्यांना भाड्याने होते. मी चहा मागवला आणि धंद्याचं काढलं.

"टेंपो ड्रायव्हरसकट देतोस का नुसता?"

"दोनी देतो. नुसता दिला की ड्रायव्हर घेनाऱ्याचा. त्याचा पगार, दुखनं, समदं त्याच्याच गळ्यात. आपला संबंध नाय."

मी करार उघडला. "आणि हे जहाज कसं दिलं होतं?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "नुसतं."

"म्हणजे माणसांची जबाबदारी जहाज भाड्याने घेणाऱ्याची. मग त्या बाईला मालकाच्या मागे का पळवलंस?"

"घेनारा माझं गिऱ्हाईक हाय, सायेब. त्याचं नाव फुटलं तर पुढची मानसं माझ्याकडनं कोन घेईल?"

हात उगारायला नको म्हणून मी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो.

परत येऊन त्याच्याकडून त्या घेणाऱ्याचं नाव काढून घेतलं आणि त्याच दिवशी वरिष्ठांमार्फत दूतावासाला कळवलं. भाऊ घरी आला, हाडांचा सापळा होऊन. पुढे कोर्टात एजंटच्या वकिलाने भावाला त्याचीच सही दाखवली आणि विचारलं, करार मराठीत समजावून दिला होता ना?

"हो, दिला ना. म्हनला, सही कर, नायतर तुझ्या जागी दुसरा उभा हाय."

'मला काय कळतं' म्हणणाऱ्यावर मी तेव्हापासून विश्वास ठेवत नाही. ज्यांना खरंच कळत नसतं ती माणसं विचारत फिरतात. ती बाई महिनोन्महिने दारोदार विचारत होती, आणि उत्तर माहीत असलेला माणूस तिच्या घरापासून तासाभरावर बसला होता.