पित्ताचा वाटेकरी

“हे कोनाच्या वाट्याचं?”

हातात काहीही पडले की बाई आधी हे विचारत. कापसाचा गठ्ठा असो, औषधाची बाटली असो, की डॉक्टरांच्या घरून आलेली उरलेली भाजी. वस्तू दोन्ही हातांत धरून, मान जराशी कलती करून त्या उभ्या राहत आणि उत्तर मिळेपर्यंत ती खाली ठेवत नसत. सरकारी दवाखान्यात कशालाच धनी नसतो, हे त्यांना शेवटपर्यंत पटले नाही.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. त्या जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात, जिथे स्वातंत्र्य पोचले होते पण पक्का रस्ता पोचायचा होता, अशा गावच्या दवाखान्यात मी कारकून होतो आणि बाई आया. अशा ठिकाणच्या बाकावर तुम्ही कधी बसला असाल, तर तिथला थकवा तुमच्या ओळखीचा असेल. रोगी चालून थकलेला, डॉक्टर बदलीचे अर्ज करून थकलेले, आणि मी त्या अर्जांच्या नकला करून. बाई आम्हा सर्वांपेक्षा जास्त राबत. “थकली जी,” एवढे म्हणत आणि पुढची बादली उचलत.

मग नवे डॉक्टर आले. माणूस वाईट नव्हता, पण पोटदुखीला पोटदुखी म्हणणे त्यांना कमीपणाचे वाटे. एका म्हाताऱ्याला ते गंभीरपणे म्हणाले, “तुला गॅस्ट्रायटिस झाला आहे.”

म्हाताऱ्याने हात जोडले. “एवढा मोठा झाला काय जी? मले वाटलं, नुसतं पोट दुखून राह्यलं.”

त्याला गुलाबी औषधाची बाटली मिळाली. हे नाव यायच्या आधी मिळत होती तीच. पण म्हातारा गेला तो ताठ मानेने. त्याच्या गावात एवढा लांब आजार कोणाला झाला नसणार.

त्याच वर्षी वरून हुकूम आला. प्रमाणपत्र नसलेल्या सर्व आयांची चांद्याला तोंडी परीक्षा होईल. पास होईल ती कायम, नापास होईल तिच्या जागी शहरातून शिकलेली येईल. साहेबलोक इंग्रजी शब्दच विचारणार, असे डॉक्टरांनी ठरवून टाकले. त्यांनी फळ्यावर पोटाचे चित्र काढले, रंगीत खडूने नावे लिहिली आणि शिकवण्याचे काम माझ्याकडे ढकलले. ज्ञानदानाची त्यांची हौस फळ्यापर्यंतच होती.

खोलीतून जाण्यापूर्वी मात्र त्यांनी युक्ती सांगितली. “बाई, हे शब्द रेल्वेसारखे. पुढचा डबा म्हणजे अवयव, मागचा म्हणजे त्याला काय झालं. हेपॅट म्हणजे यकृत, आयटिस म्हणजे दाह. डबे जोडा. हेपॅटायटिस.”

“मी रेल्वेत बसली नाई जी,” बाई म्हणाल्या.

महिनाभर आम्ही डबे जोडले. सकाळी जोडलेले संध्याकाळी सुटे होत. मला राग येत नसे. राग यायलाही अंगात जोर लागतो. शेवटी एकदा मी विचारले, “बाई, तुम्ही जनावर कापलेलं पाहिलं असेल ना? हे सगळं आत असतंच की.”

बाईंनी फळ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिले. जवळ जाऊन यकृतावर बोट ठेवले आणि त्यांचा आवाज बदलला.

“हे तर म्हाताऱ्यायच्या वाट्याचं.”

त्यांच्या गावात शिकार आली की वाटे ठरलेले असत. कलेजी मऊ, ती दात नसलेल्या म्हाताऱ्यांची. जठर हाका घालून जनावर उठवणाऱ्यांचे. आतडी धुणाऱ्या बायांची. अन्ननळी कुत्र्यांची, कारण तीही धावलेली असत. “त्यायचा बी हक्क आहे, बाबूजी.”

त्या दिवसापासून डॉक्टरांची रेल्वे बंद पडली. हेपॅट म्हातारे, गॅस्ट्र हाकेवाले, एंटर बाया, इसोफॅग कुत्री. मागचे डबेही बाईंनी आपल्या सोयीने बसवले. आयटिस म्हणजे वाट्यावरून आग पेटली, भांडण झाले. एक्टमी म्हणजे वाटाच कोणी उचलून नेला.

“गॅस्ट्रेक्टमी?” मी विचारी.

“हाकेवाल्यायचा वाटा नेला. जठर काढून टाकलं.”

“एंटरायटिस?”

“बाया भांडून राह्यल्या.” मग जरा थांबून, “आतड्याले सूज.”

या पद्धतीत एकच भोक होते. कोलेसिस्ट, म्हणजे पित्ताची पिशवी. ती त्यांच्या गावात कोणीच घेत नसे. पानात गुंडाळून गावाबाहेर फेकत, कारण फुटली तर सगळे मटण कडू. शब्द कितीही घोटला तरी दुसऱ्या दिवशी विसरलेला.

“त्याले वाटेकरीच नाई, बाबूजी. ध्यानात काऊन राहील?”

त्या संध्याकाळी माझे डोके दुखत होते. मी म्हटले, “मग मला द्या. मी मटण खात नाही, तुमच्या गावात माझा कोणाशी तंटा नाही. घालून टाका माझ्या नावावर.”

मी कंटाळून बोललो होतो. बाईंनी ते तसे घेतले नाही. वाटा देणे ही त्यांच्याकडे थट्टेची बाब नव्हती.

“कडू आहे, बाबूजी.”

“चालेल.”

“मंग देल्लं,” त्या म्हणाल्या आणि पदर सावरून बसल्या. मलाही नकळत सरळ बसावे लागले.

त्याच दिवशी मी विचारले, “आणि तुमचा वाटा कोणता होता?”

“मालक होता तवा यायचा. तो गेल्यावर दिराच्या घरून यायचा.” त्यांनी फळा पुसायला घेतला. “मंग यायचा बंद झाला. मी भांडली नाई. इथी आली. आता हा दवाखानाच माह्या वाट्याचा.”

चांद्याला आम्ही तिघे गेलो. लांब टेबलामागे तीन साहेब, वर पंखा, समोर बाई. डॉक्टरांनी नवा कोट घातला होता, परीक्षा त्यांचीच असल्यासारखा. मी कागद घेऊन दाराशी उभा.

पहिले दोन साहेब मराठीतच बोलले. पट्टी कशी बांधता, पाणी किती उकळता. डॉक्टरांचा चेहरा उतरू लागला. पण तिसरे साहेब त्यांच्याच जातकुळीचे निघाले. हेपॅटायटिस विचारले, गॅस्ट्रेक्टमी विचारली. बाई सांगत गेल्या, प्रत्येक वेळी क्षणभर थांबून. म्हातारे आणि हाकेवाले त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावेत. तो खोळंबा कशाचा, हे त्या खोलीत मलाच ठाऊक होते.

मग साहेब खुर्चीत मागे रेलले. “कोलेसिस्टेक्टमी?”

बाई थांबल्या. या वेळी फार थांबल्या. साहेबांनी पेन उचलले. बाईंनी खोलीभर नजर फिरवली, भिंती पाहिल्या, पंखा पाहिला आणि शेवटी दाराकडे वळून मला पाहिले. मी कागद छातीशी धरून उभा होतो. कोणी कोणाकडे इतके शोधून पाहिल्याचे मला आठवत नाही.

“पित्ताची पिशवी काढून टाकली, जी,” त्या म्हणाल्या.

पास. परतीच्या मोटारीत डॉक्टर आपल्या रेल्वेच्या युक्तीबद्दल बोलत होते. बाई खिडकीशी डोळे मिटून बसल्या होत्या. उतरताना हळूच म्हणाल्या, “तुमचा वाटा काढून टाकला म्हनताना बरं नाई वाटलं, बाबूजी.”

कायम झालेल्या माणसाची बदली होते, हे आम्हा कोणाच्या लक्षात आले नव्हते. दोन महिन्यांत बाईंना सिरोंच्याकडे पाठवले. तिकडे तेलुगू चाले, ती त्यांना येत नव्हती. निघताना त्या बादली दोन्ही हातांत धरून माझ्या टेबलाशी आल्या आणि त्यांनी विचारले, “हे आता कोनाच्या वाट्याचं?” मी टेबलावरचे कागद नीट करू लागलो. त्यांनी ती मोरीत नेऊन पालथी घातली आणि त्या गेल्या. पुढे तिकडून आलेल्या एका कंपाउंडरला मी त्यांच्याबद्दल विचारले. “होती एक,” तो म्हणाला.

निवृत्त झाल्यावर नागपूरला माझ्या पित्ताशयात खडे निघाले. तरुण सर्जन शस्त्रक्रियेचे नाव उच्चारून ते फोडून सांगू लागला. “ठाऊक आहे,” मी म्हटले. त्याला ते आवडले नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा तो काचेची बरणी घेऊन उभा होता. आत काळपट, सुरकुतलेले काहीतरी. “हे ठेवायचं, की टाकून देऊ?”

मी दोन्ही हात पुढे केले. “द्या,” मी म्हटले, “माझ्या वाट्याचं आहे.”

गुंगी उतरली नाही, असे त्याने परिचारिकेला सांगितले.