रंभाच्या हातचे कवेलू

मूल या बाजारगावाहून बैलबंडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, जंगलाला चिकटून एक गाव होतं. चोपन्न-पंचावन्न सालची गोष्ट. रंभाचा नवरा मुखरू तापानं गेला, तेव्हा तिच्यापाशी उरलं काय, तर दहा वर्षांची कमळा, धानाची दोन खाचरं, तिकडच्या बोलीत बांध्या, आणि नळीच्या कौलांचं, कवेलूचं घर. दीर दादाजी तेराव्यालाच म्हणाला, "दोन चुली कायले पायजेत? आमच्यात येऊन राय. बांध्या मी पायतो." तो बांध्या 'पाहणार' म्हणजे काय, हे न कळण्याइतकी रंभा भोळी नव्हती. आपली चूल आपल्याच घरात पेटेल, एवढा एकच हट्ट तिनं धरला.

हट्ट निभावायचा तर चार पैसे राखावे लागतात, आणि तिला ते राखता आले दुरुस्त्यांतून. घागर गळू लागली की लोक तांबटाची वाट बघत. रंभानं कुसुमाच्या झाडाची लाख वितळवली आणि भोक बुजवलं. खाटेचा दोर तिनं स्वतः वळला, स्वतः विणला. जात्याला टाकी लावायला, छिन्नीनं दगडाला खाचा पाडायलाही ती शिकली. पहिल्यांदा बोटं ठेचली, दुसऱ्यांदा पीठ बारीक आलं. विहिरीवर बायका म्हणायच्या, "रंभा, आता दाढी तेवढी ठेव." ही म्हणायची, "ठेवीन. न्हाव्याचं तं वाचंल."

राहिलं छप्पर. माकडं वर्षभर कवेलूंवर नाचतात, त्यामुळे उन्हाळ्यात सगळे उतरवून, फुटके काढून पुन्हा बसवावेच लागतात; कवेलू फेरणं म्हणतात ते. पण बाईनं छपरावर पाय द्यायचा नाही, असा त्या गावचा दंडक होता. बाई चढली तर पाऊस रुसतो म्हणे. तीच बाई खाली उभी राहून दिवसभर कवेलू वर देईल, चिखलाच्या पाट्या उचलेल, त्याला देवाची काही हरकत नव्हती. देवाला खुपायची ती फक्त वरची चार हात उंची.

पहिली दोन वर्षं तिनं माणसं लावली. मजुरी दिली, जेवण दिलं, वर मोहाची दारू दिली, आणि तरी घर गळलं. तिसऱ्या वर्षी चारदा निरोप धाडला. सगळ्यांचं एकच उत्तर, उद्या येतो. दादाजीनं त्यांना काही सांगितलं होतं की नाही कोण जाणे, पण जेठ महिना उजाडायला आला आणि तो उद्या काही आला नाही.

बिडीसाठी तेंदूपत्ता तोडायचे दिवस होते. सारं गाव पहाटेच जंगलात पांगलेलं. रंभानं पदर खोचला, शिडी लावली आणि वर गेली. कमळा खालून एकेक कवेलू देऊ लागली. बोटानं वाजवून बद्द आवाजाचं कवेलू रंभा बाजूला टाकी. उताण्याचं अरुंद तोंड खाली, पालथ्याचं वर, हे बारा वर्षं खालून बघून तिला पाठ झालं होतं. दोन दिवसांत काम संपलं. तिसऱ्या दिवशी वळीव कोसळला आणि घरात एक थेंब आला नाही. मायलेकी कोरड्या जमिनीवर बसून हसत राहिल्या. मुखरू गेल्यापासून रंभा इतकी खूश झाली नव्हती.

पण कामाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पत्त्याचं ओझं घेऊन परतताना, दादाजीनं तिला आढ्यावर बसलेली बघितलं होतं. पंच बसले. गावचे थोरले गुणवंतराव मध्ये.

"बाई, तू छपरावर चढली काऊन?"

"चारदा बोलावलं, भाऊ. कोनी आलं नाई."

"थांबाचं होतं."

"पानी थांबते का?"

हे उत्तर महाग पडलं. निकाल झाला, देवाला बोकड, गावाला जेवण, आणि छप्पर पुरं उतरवून पुरुषांच्या हातानं पुन्हा फेरायचं. नाहीतर कमळाच्या लग्नात गावचं कोणी उभं राहणार नाही. तोवर ताठ उभ्या असलेल्या रंभानं पोरीचं नाव निघताच मान खाली घातली.

तीन वर्षांचं राखलेलं एका सकाळी चुलाण्यावर शिजलं. चारदा बोलावून न आलेले गडी त्या दिवशी न बोलावता अठरा आले. रश्शाचा वास सुटलेला, दारू पोटात गेलेली. मग कवेलूंना कोण वाजवून बघतो? दुपारच्या आत छप्पर बसलं. बियाण्याची कणगी, ढोली, होती त्या बाजूला बोट दाखवून रंभा खालून म्हणाली, "भाऊ, ढोलीच्या वरचं उताणं उलटं बसलं." वरून दादाजी म्हणाला, "तू खाली राय, बाई. पाप तुयं होतं, आमी निस्तरून राह्यलो."

मृगाच्या पहिल्याच रात्री धार लागली, नेमकी धानाच्या बियाण्याच्या ढोलीवर. भिंतीएवढी ती ढोली हलवणार कोण, आणि बियाणं उपसून ठेवायला दुसरं भांडं कुठं? रंभानं वर पळसाची पानं टाकली, सूप टाकलं, घोंगडं टाकलं. सकाळी ती दादाजीकडे गेली. तो म्हणाला, "आता बांधीचं काम, पाहू उद्या." उद्या, परवा करत आठ दिवस गेले.

"आई, एकच कवेलू हाय," कमळा म्हणाली. "मी चढू का?"

रंभानं तिच्या थोबाडीत मारली. पोरीवर तिनं उचललेला तो पहिला हात. मग तिलाच जवळ घेऊन ती रडली.

ढोली उघडली तेव्हा बियाण्याला पांढरे मोड फुटले होते आणि आंबूस वास येत होता. बियाणं दादाजीनं दिलं, बांध्यांसकट सगळं आपल्यात घेऊन. रंभाची चूल विझली.

पुढच्या उन्हाळ्यात दादाजीच्या घराचे कवेलू फेरायचे होते. तो वर, रंभा अंगणात. "तेथचं काढा, त्याचा आवाज बद्द हाय. ते फिरवा. आता खाली सरकवा." ती सांगत गेली, तो बसवत गेला. त्या पावसाळ्यात सारं गाव गळलं, दादाजीचं घर तेवढं कोरडं राहिलं. लोक बघायला आले. गुणवंतरावांनी वर बघून मान डोलावली आणि म्हणाले, "दादाजी, हात हाय बरं तुया."

रंभा दोघांसाठी चहा घेऊन आली आणि कप ठेवून आत गेली.