सूतभर चूक

महाळुंगे पडवळच्या रस्त्याला माझ्या वडलांचं वेल्डिंगचं दुकान आहे. आप्पा माप सांगणार ते इंचात आणि सुतात. एका इंचाची आठ सुतं. मिलिमीटर त्यांच्या लेखी शाळेतल्या पोरांचं काम.

मी मंचरला कॅडच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या क्लासला जात होते. रेघा, वर्तुळं पहिल्या कोर्सात झाली, दुसऱ्यात लेयर, ब्लॉक आणि ॲरे. ॲरे म्हणजे एक छिद्र काढायचं, अंतर सांगायचं, की बाकीची ओळीनं आपोआप येतात. मला तर लई भारी वाटलं. आप्पांच्या मागं भुणभुण लावली, "आता पत्र्यावर खडूनं आखत बसू नका, ड्रॉइंग मी देते."

"एक काम देतो," ते म्हणाले. "जमलं तर पुढं बघू. न्हाई जमलं तर दुकानात लुडबूड नाय करायची."

काम होतं कांदा निवडायच्या मशीनच्या पट्टीचं. एका ओळीत सात छिद्रं, मधलं अंतर दोन इंच तीन सूत. मी सूत म्हणजे तीन मिलिमीटर धरलं, ॲरे मारला आणि फाईल चाकणला लेझर कटिंगला पाठवून दिली. पट्टी आली ती अशी चकाचक की मी तिचा फोटोच काढला.

मशीन न्यायला बोरी बुद्रुकचे पाहुणे येऊन बसले होते. आप्पांनी पट्टी मशीनच्या छिद्रांवर धरली. पहिला बोल्ट बसला, दुसरा बसला. तिसऱ्याला ठोकावं लागलं. पाचवा जाईचना. सातवं छिद्र तर चांगलं सूतभर बाजूला. तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. सूत तीन मिलिमीटरहून जरासं मोठं असतं, आणि ती जराशी चूक ॲरेनं छिद्रागणिक वाढवत नेली होती.

पाहुणे हसले. "पोरीच्या हातात दिल्यावर असंच व्हायचं, राव."

"माप मीच चुकीचं सांगितलं," आप्पा म्हणाले.

आप्पांचं माप आणि चुकीचं! मी तशी तापटच. असा राग आला, त्यांचाही आणि माझाही, की डोळ्यांत पाणी आलं.

"आप्पांचं माप बरोबर व्हतं," मी ओरडलेच. "चुकले मी. हिशेब माझा गंडला."

मला वाटलं, झालं, आता बसा घरी. आप्पांनी पट्टी सोडवून माझ्या हातात दिली.

"मग पाव्हण्यांना सांग," ते म्हणाले, "दुसरी कधी देतीस ते."